मदत हवी आहे : परिवर्तनकारी नेतृत्वासाठी सयाजीरावांचे उदाहरण योग्य आहे का?

सादर नमस्कार. वडोदऱ्यातील आमच्या मराठी मंडळात, मकरपुऱ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या पर्यवेक्षकांसमोर, परिवर्तनकारी नेतृत्वावर, म्हणजे लोकांना बक्षीस-शिक्षेपलीकडच्या मोठ्या ध्येयासाठी प्रेरित करणाऱ्या नेतृत्वावर, मला बोलायचे आहे. अमेरिकी अभ्यासक बर्न्स यांनी १९७८ मध्ये मांडलेली आणि मानसशास्त्रज्ञ बास यांनी १९८५ मध्ये संस्थांच्या संदर्भात विस्तारलेली ही संकल्पना समजावताना बडोदा संस्थानचे राजे सयाजीराव महाराज यांचा दाखला द्यावा, असे मनात आहे; सक्तीचे प्राथमिक शिक्षण त्यांनी १८९३ मध्ये आधी अमरेली भागात आजमावले आणि १९०६ मध्ये राज्यभर लागू केले. मात्र मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकांना तिथे दंड होता, आणि बक्षीस-शिक्षेवर चालणारे नेतृत्व बास देवघेवीचे मानतात. दोन्ही एकत्र नांदू शकतात, असेही तेच सांगतात. तरीही ‘ते राहू द्या, बोनसचे बोला’ म्हणणाऱ्या श्रोत्यांना हे पटावे, यासाठी कारखान्यातील एखादा साधा, अनुभवातला दाखला कोणी सुचवेल का?