गुरूचा एक्सरे निघतो, गावातला निघत नाही

मेहकरचे मास्तर: "गुरूचे एक्सरे काढून कोणाचं पोट भरलं?" ही कालची पोस्ट डोक्यात गेली, म्हणून लिहितोच. गुरू ग्रहाच्या ध्रुवाजवळचा ठिपका क्ष-किरणांत ठरावीक वेळाने उजळतो, हे अवकाशातल्या ‘चंद्रा’ नावाच्या क्ष-किरण दुर्बिणीने २००० मध्ये टिपलं. कारण कळायला २०२१ उजाडलं. त्यासाठी जुलै २०१७ च्या नोंदी जुळवल्या: जूनो यान तिथे चुंबकीय क्षेत्र मोजत होतं, तेव्हाच एक्सएमएम-न्यूटन ही अवकाश दुर्बीण पृथ्वीजवळून क्ष-किरण बघत होती. गुरूचा चंद्र आयो, त्याचे ज्वालामुखी सेकंदाला टनभर वायू ओकतात. त्यातले गंधक-ऑक्सिजनचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, चुंबकीय लाटांवर स्वार होऊन ध्रुवावर आदळतात. चंद्राची आग ग्रहाच्या ध्रुवावर दिसते, ही उधळपट्टी?

पऱ्हाटी: पोस्ट माहीच हाय, मास्तर. तुमच्या गुरूचा एक्सरे निंगते, माह्या बुढ्याचा नाई निंगत. धुऱ्यावरून पडला, मांडी सुजून टम्म. इथल्या दवाखान्यात मशीन हाय, चालवाले माणूस नाई. खोलीले कुलूप, मशीनवर खोळ, खोळीवर धूळ. गाडी करून जिल्ह्याले नेला, दर गचक्याले वरडे. तवा तुमचा आयो कुठी होता?

लोणारची पोर: काका, दुर्बिणीनं टेक्निशियन पळवला का? पद भरत नाहीत त्यांना धरा.

सोयाबीनवाला: पद भरून काय होते? लाइन कुठाय? हरभऱ्याले पाणी द्याले रात्री बारानंतर लाइन, वावरात साप, हातात बॅटरी. दिवसा लाइन द्या म्हणून बोंबलून राह्यलो आम्ही.

पऱ्हाटी: बरोबर! आमचं रोहित्र जळलं, तं वर्गणी करून आणलं.

सोयाबीनवाला: आमच्याकडे तेही नाई. पोट्टे रात्रभर मोटरीपाशी.

लोणारची पोर: विषय काय, चाललंय काय! चांद्रयान-२ नं क्ष-किरणांवरूनच चंद्राच्या मातीतलं सोडियम ओळखलं, तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. गुरूचा दुसरा चंद्र युरोपा, त्याच्या बर्फावर गुरूभोवतीचे कण आदळून क्ष-किरण निघतात, तेही चंद्रा दुर्बिणीला दिसले. जवळून पाहिलं तर तिथली मूलद्रव्यंही कळतील. मग गुरूचंच वावडं का?

पऱ्हाटी: जमिनीवरून काहून नाई पाहत? स्वस्तात होईल.

मेहकरचे मास्तर: वातावरण क्ष-किरण अडवतं. वर जावंच लागतं. आणि तुमच्या वडिलांचं दुःख खरं आहे, पण ते विज्ञानाच्या माथी मारू नका.

पऱ्हाटी: दुःख खरं हाय म्हणता, मंग पोस्टीवर एवढी आग काहून? घ्या तुमची दुर्बीण, मी आडवा नाई. सोमवारी दवाखान्याच्या अर्जावर सही करता का तेवढं सांगा.

मेहकरचे मास्तर: करतो. पोस्ट काढा.

पऱ्हाटी: पोस्ट नाई काढत.