'फोर्टिफाइड' मक्याच्या पिठाला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरवाली: दक्षिण आफ्रिकेवरचा लेख मराठीत आणतेय. तिथे ऑक्टोबर २००३ पासून मक्याच्या पिठात जीवनसत्त्व अ, ब गटातली काही जीवनसत्त्वं, लोह आणि जस्त घालणं सक्तीचं आहे. 'फोर्टिफाइड'साठी शब्द हवाय. कोशात पाहिलं तर थेट तटबंदी!

जात्यावरची: आधी 'कॉर्नफ्लोर' लिहू नका एवढं सांगते. आपल्याकडे ते सूप दाट करायला घालतात, म्हणजे मक्याचं नुसतं स्टार्च. आफ्रिकेत उगालीला, म्हणजे पीठ पाण्यात शिजवून केलेल्या घट्ट गोळ्याला, लागतं ते मक्याचं पीठ.

पंतोजी: रेशनच्या 'फोर्टिफाइड' तांदळामुळे 'गुणसंवर्धित' रूढ होतोय. तो घ्या.

निवळी: मला 'गुणसंवर्धित' पटत नाही. कोणता गुण, कुणी वाढवला, काहीच कळत नाही. शिवाय इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मक्याचा कोंब काढून दळलं की पीठ लवकर खवट होत नाही, पण सत्त्वंही जातात. गेलेली परत घातली तर अमेरिकेत त्याला 'एन्रिच्ड' म्हणतात. मुळात नव्हतं किंवा कमी होतं ते घालणं म्हणजे फोर्टिफिकेशन. तिसरं, झांबियातला नारिंगी मका: ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते द्रव्य त्याच्या दाण्यातच असतं, गिरणीत काही मिसळावं लागत नाही.

मेक्सिकोची रीत तर आणखी निराळी. तिथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात. त्याने दाण्यात अडकलेलं नायसिन हे ब गटातलं जीवनसत्त्व मोकळं होतं. ही रीत न घेता नुसता मका खाल्लेल्या अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाग्रा या नायसिनच्या कमतरतेच्या आजाराने हजारो माणसं मेली. त्याच चुन्यातल्या मक्याच्या पिठात फोलिक आम्ल घालायला अमेरिकेने परवानगी दिली ती मात्र २०१६ साली. बाळाच्या मज्जारज्जूचे जन्मजात दोष टाळण्यासाठी.

पंतोजी: मग 'पोषकद्रव्यं घातलेलं पीठ' म्हणा.

जात्यावरची: त्याआधी 'पाकीटबंद' जोडा. केनियात २०१२ पासून सक्ती आहे ती पाकीटबंद पिठाला. गावातले लोक आपल्यासारखंच दळण घेऊन 'पोशो मिल'मध्ये, म्हणजे गावच्या गिरणीत, जातात, त्या पिठात कोण काय घालणार? हा शब्द गाळलात तर सगळ्या देशाला लोह मिळतंय असं वाचकाला वाटेल.

भाषांतरवाली: 'पोषकद्रव्यं घातलेलं पाकीटबंद मक्याचं पीठ'. शीर्षकात मावणार नाही हो.

निवळी: शीर्षकात 'फोर्टिफाइड' राहू दे, पहिल्याच वाक्यात उलगडून सांगा. 'मक्याचं पाकीटबंद पीठ' असं फिरवा मात्र, नाहीतर मकाच पाकिटातला वाटतो.