तीन पत्तीवाल्यांनो, क्रमवारी बदला

काही जण म्हणतात, तीन पत्ती येते त्याला पोकर आपोआप जमतो. अर्धंच खरं. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने आलेली पानं) कलरला (एकाच चिन्हाची पानं) मारतो, पोकरमध्ये नेमकं उलट: फ्लश म्हणजे कलर मोठा, स्ट्रेट म्हणजे सिक्वेन्स लहान. कारण मोजणीत आहे. तीन पानांत सिक्वेन्स 720 प्रकारे लागतो, कलर 1,096. पाच पानांत स्ट्रेट 10,200 आणि फ्लश फक्त 5,108. दुर्मीळ ते मोठं.

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात हातात दोन पानं, मधे पाच सामाईक, सातांतून उत्तम पाच. हे लगेच कळतं. अवघड जातं ते पॅक करणं, म्हणजे डाव सोडणं. आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत गटारीला नवीन मंडळी बसली की बदामची चार पानं बघून शेवटपर्यंत चिकटून राहतात. फ्लॉपनंतर, म्हणजे मधली पहिली तीन पानं उघडल्यावर, पाचवं बदाम येण्याची शक्यता साधारण 35 टक्केच, तीही पुढची दोन्ही पानं बघितली तर!

आणि शेवटी बोलायची (चाल करायची) जागा मिळाली तर सोडू नका, बाकीच्यांचा अंदाज फुकटात येतो. सरावाला पैशांऐवजी राजम्याचे दाणे पुरतात. ऑनलाइन पैसे लावून खेळण्यावर मात्र 2025 च्या कायद्याने बंदी आहे.