मदत हवी: ६८ अंशांना धातू होणारा पदार्थ, माझा आलेख बरोबर आहे का?

नमस्कार मंडळी,

मी डिचोलीचा, एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. प्रोजेक्ट व्हॅनेडियम डायऑक्साइडवर आहे. हा पदार्थ ६८ अंश सेल्सिअसच्या खाली विद्युतरोधक आणि वर धातू. वितळत नाही, रासायनिक बदल नाही, तरी वीज धो-धो वाहू लागते. भौतिकशास्त्रज्ञ मॉरिन यांनी १९५९ मध्ये हे दाखवलं. चांगल्या स्फटिकात रोध दहा हजार पटींहून जास्त उतरतो.

माझा उतरत नाही! पेलेट (पावडर दाबून केलेली वडी) कापून पट्टी केली, दोन टोकांना वीजवाहक सिल्व्हर पेस्टची रेघ, तांब्याच्या तारा, मल्टिमीटर. ३० अंशांना ६.२ किलोओम, ८० अंशांना १४० ओम. म्हणजे ४४ पटच. शिवाय तापवताना रोध ७२ ला कोसळतो आणि निवताना ६१ ला परत चढतो. पाऊस धरलाय, लॅबच्या भिंतींना ओल आली आहे. दमट हवेमुळे असेल का? चवथीच्या सुट्टीआधी आलेख द्यायचा आहे.

दुसरं, आणि मला हेच जास्त छळतंय: काही पुस्तकं म्हणतात, थंड असताना व्हॅनेडियमचे अणू दोन-दोनच्या जोड्या करतात आणि इलेक्ट्रॉन त्यात अडकतात (भौतिकशास्त्रज्ञ पायर्ल्स यांच्या नावाची कल्पना). काही म्हणतात, इलेक्ट्रॉनच एकमेकांना ढकलून जागीच अडवतात (ही मॉट यांच्या नावाची). प्रबंधात लिहू काय?

प्रतिसाद

ओल नव्हे. दमटपणाने होणारी गळती मेगाओममध्ये असते, सहा किलोओमला ती जाणवणार नाही. मला पेस्टच्या जोडांचा संशय आहे. पट्टीच्या बरोबर मधोमध तिसरी रेघ मारा आणि ८० अंशांना अर्ध्या लांबीचा रोध मोजा. निम्म्याहून जास्त आला, तर त्यात जोडांचाही रोध आहे.

तापवताना-निवताना फरक पडणं खरंच आहे, कारण स्फटिकाची रचनाच बदलते. पण ११ अंश? थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) हॉटप्लेटला नाही, पट्टीला टेकवा आणि मिनिटाला एक अंश या गतीने चढवा. अंतर घटलं तर तेवढी चूक तापमानाच्या मोजणीची.

पायर्ल्स की मॉट, यात एकाचीच बाजू घेऊ नका. थोडं क्रोमियम मिसळलं की व्हॅनेडियम अणूंच्या निम्म्याच साखळ्यांत जोड्या जुळतात, उरलेल्या मोकळ्या राहतात, तरी पदार्थ रोधकच राहतो. फक्त जोड्यांनी हे सुटत नाही. ढकलाढकलीही धरावी लागते.

धागाकर्ता

अर्धी लांबी मोजली. ८० अंशांना ७० ओम यायला हवे होते, आले १२८! लांबी निम्मी केली तरी १२ ओमच घटले, म्हणजे पूर्ण पट्टीचे स्वतःचे २४ ओम आणि जोडांचे तब्बल ११६. ३० अंशांच्या रोधातूनही ते ११६ वजा केले, तर खरा उतार अडीचशे पटींचा निघाला. मनापासून आभार. थर्मोकपल उद्या पट्टीला चिकटवतो. आता चार-टोकी मोजणीसाठी (वीज सोडायच्या आणि व्होल्टेज मोजायच्या तारा वेगळ्या, म्हणजे जोडांचा रोध मध्ये येत नाही) एवढ्या लहान पट्टीवर तारा किती अंतराने लावाव्यात, कोणी सांगेल का?