शाळेच्या छपरासाठी गावानं वर्गणी काढावी का?

ओसरीवाला
आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, पट 118. खोल्या सहा, त्यातल्या वापरात चार. उरलेल्या दोनांतली एक कौलारू, तिची वाशांची लाकडं वाळवीनं खाल्लेली. दुसरी स्लॅबची, ती वरून बरी दिसते आणि आतून पोपडे टाकते. वापरातल्या चारपैकी चौथीच्या वर्गातही आता छताची एक बाजू फुगायला लागलीय, सळई दिसते. बाईंनी खडूनं फरशीवर रेघ मारलीय. रेघेच्या पलीकडे कुणी बसायचं नाही. मुलं दिवसभरात पायानं पुसतात, बाई दुसऱ्या दिवशी परत मारतात. माझा मुलगा त्याच वर्गात आहे, म्हणून मी शाळा व्यवस्थापन समितीत आलो.

गेल्या शनिवारी बैठक झाली. विषय तीन: रंगरंगोटी, सीसीटीव्ही, गळती. मुख्याध्यापकांनी सांगितलं, दुरुस्तीचा प्रस्ताव दोनदा वर पाठवलाय, उत्तर नाही. मग अध्यक्ष म्हणाले, घरटी 1,000 रुपये काढू, मुंबई-पुण्याची मंडळी आहेतच, दिवाळीच्या आत काम उरकून टाकू. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी एकट्यानं विरोध केला आणि इतिवृत्तात तसं लिहायला लावलं. तेव्हापासून गावात माझ्याशी बोलताना लोक आधी घसा खाकरतात.

माझं म्हणणं एवढंच. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की इमारत सर्व ऋतूंत टिकणारी हवी, दर शिक्षकामागे किमान एक खोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, कुंपण. कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला आणि हे सगळं पुरं करायला तीन वर्षं दिली होती. म्हणजे 31 मार्च 2013. ती तारीख उलटून एवढी वर्षं झाली आणि आपण खिशात हात घालून म्हणायचं की असू दे, आम्हीच करतो? मग वरचा माणूस फाइल कशाला उघडेल?

शिवाय आमच्या गावाकडे मुंबईकर आहेत. पलीकडच्या तांड्यावरच्या शाळेचे पालक वर्षातले सहा महिने ऊसतोडीला असतात. त्यांनी कुणाकडे मागायचं?

पारावरचा गप्पिष्ट
दादा, तुमचं कलम बरोबर, पण कॅलेंडर चुकलं. तुमचा मुलगा चौथीत आहे. प्रस्ताव मुख्याध्यापकांकडून केंद्रप्रमुखांकडे, तिथून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग बांधकाम उपविभाग, मग जिल्ह्याला. तो मंजूर होऊन निविदा निघेपर्यंत पोराला मिसरूड फुटेल. तुम्ही तत्त्वाची लढाई लढताय आणि छताखाली तो बसलाय.

आमच्या गावानं एका मे महिन्यात दोन खोल्यांचे पत्रे बदलले. कुणी सिमेंट दिलं, कुणी ट्रॅक्टर दिला, गवंडी गावचाच. कुणाचा हक्क बुडाला नाही.

आणि वर्गणीला एवढं नाक मुरडायचं कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, ती मूठमूठ धान्यावर वाढली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहासाठी अंगावरचे दागिने मोडले. महाराष्ट्रात बहुजनांची पोरं शिकली ती कुणीतरी खिशात हात घातला म्हणून.

ओसरीवाला
कर्मवीरांचं नाव घेतलं की समोरचा गप्प बसतो, हे मला माहीत आहे. पण ते 1919 होतं, सरकार परकं होतं, आणि प्राथमिक शिक्षण हा कुणाचा हक्क नव्हता. त्याच काळात शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. ते दरबारानं केलं, मुष्टिफंडानं नाही. दोन्ही वारसे आपलेच आहेत, सोयीचा तेवढाच का आठवायचा?

निवृत्त खडू
31 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, त्यातली अकरा मुख्याध्यापक म्हणून. तुम्ही दोघंही पैशावर भांडताय. त्या छताकडे कुणी पाहिलंय का?

ओसरीवाले, तुम्ही लिहिता सळई दिसते, स्लॅब फुगलाय. म्हणजे पाणी आत मुरून लोखंड गंजलंय. गंज जागा जास्त खातो, तो काँक्रीटला आतून ढकलतो, म्हणून पोपडे पडतात. अशा स्लॅबवर गाव काय करतं? वरून कोबा नाहीतर वॉटरप्रूफिंगचा थर. गळती दोन वर्षं थांबते, आणि खालच्या कुजलेल्या सळईवर ओझं वाढतं. वरून टाइल्स चकाचक, फोटो पेपरात. हे मी स्वतः केलंय, म्हणून सांगतो. नशिबानं ती खोली रात्री बसली.

ऑगस्ट 2017 मध्ये नगर जिल्ह्यात निंबोडीच्या शाळेचं छत पावसात कोसळलं आणि 3 मुलं गेली. 25 जुलै 2025 ला राजस्थानात झालावाडजवळ पिपलोदीला 7 मुलं गेली. तेव्हा पहिलं काम वर्गणी नव्हे आणि निवेदनही नव्हे. गटविकास अधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज: शाखा अभियंत्याकडून पाहणी करून खोली वापरायोग्य आहे की नाही ते लेखी द्या. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. खोली धोकादायक ठरली तर तिचं निर्लेखन होतं, मगच ती पाडता येते. निर्लेखन झालेली खोली कागदावरून जाते, तेव्हा कुठे नव्या खोलीची मागणी खरी ठरते. पडकी खोली कागदावर उभी असेल तोवर वरच्याला वाटतं, यांच्याकडे सहा खोल्या आहेत की!

आणि आज चौथीचा वर्ग तिथून हलवा. रेघ कसली मारताय?

ओसरीवाला
सर, रेघ बाईंनी मारलीय, जागाच नाही म्हणून. पण तुमचं बरोबर आहे. प्रस्तावात आम्ही "किरकोळ दुरुस्ती" असं लिहिलंय हे आत्ता तुमच्यामुळे लक्षात आलं.

हिशेबनीस
अनुदानाचं कुणी बोलतच नाहीये. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत दर शाळेला पटाप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान असतं. 100 च्या वर आणि 250 पर्यंत पट असेल तर वर्षाला 50 हजार. ते कुठे गेले?

निवृत्त खडू
कुठे जातात ते सांगतो. किमान 10 टक्के स्वच्छतेवर, म्हणजे 5 हजार तिथे. मग वीजबिल. मग खडू, हजेरीपट, प्रिंटरची शाई, नळाची तोटी, फुटलेली काच. माझ्या वेळी हे पैसे हमखास मार्चच्या तोंडावर उतरायचे आणि 31 तारखेच्या आत खर्ची टाका असा फोन यायचा. त्या पैशात स्लॅब होत नाही हो. स्लॅबला हात लावला की लाखांत बोलावं लागतं.

चुलीजवळून
मी एका शाळेच्या समितीवर आहे. कायद्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. बायका निम्म्या आहेत, रजिस्टरात. बैठकीला आम्ही सतरंजीच्या मागच्या कडेला बसतो, दोघींच्या जागी तर नवरेच येऊन सही करतात.

तुम्ही सगळे छत छत करताय. आमच्याकडे छत चांगलं आहे. मुलींच्या संडासात पाणी नाही. खोली बांधलेली आहे, फरशी आहे, दारावर मुलीचं चित्र काढलंय, आत पाइप कोरडा. सहावी-सातवीच्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात आणि पाळीच्या दिवसांत येतच नाहीत. मी तीन बैठकांत टाकीचा विषय काढला. "घेऊ पुढच्या वेळी."

आता वर्गणीचं ऐका. आमच्या गावानं काढली होती, दीड लाखाच्या वर जमली. त्यातून काय झालं? कमान. शाळेच्या दारात सिमेंटची कमान, तिच्यावर देणगीदारांची नावं, आणि भिंतींवर रंग. टाकीला पाच-सात हजार लागले असते. पण संडासाच्या टाकीवर आपलं नाव कोण घालून घेईल? वर्गणी दिसेल तिथेच जाते. माझा वर्गणीला विरोध आहे तो यासाठी, कलमासाठी नाही.

पारावरचा गप्पिष्ट
ताई, हे मात्र खरं. आमच्याकडेही पत्र्यांच्या आधी कमानीचीच चर्चा होती, खोटं कशाला बोलू.

सातबारा
एक उलटं उदाहरण. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा. गावानं जमीन दिली, लोकसहभागातून काचेचे वर्ग उभे राहिले, सौर वीज आली आणि खासगी शाळांतली पोरं तिकडे प्रवेशासाठी रांग लावू लागली. गावानं मनावर घेतलं म्हणून ते झालं. सरकारची वाट बघत बसले असते तर आज तिथे दोन खोल्या आणि एक कुलूप असतं. सरकारलाही हे पटलंय, म्हणून तर "मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा" अभियान आलं. राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला 51 लाख ठेवले. स्पर्धा लागली की हात हलतात.

ओसरीवाला
वाबळेवाडीबद्दल आदर आहे. पण पुण्याजवळ, आसपास कारखाने, ही सोय गडचिरोलीत किंवा नंदुरबारात नाही. आणि स्पर्धेचं गणित बघा: जिच्याकडे आधीच बाग आहे, भिंती रंगवलेल्या आहेत, ती शाळा 51 लाख जिंकणार. जिचं छत गळतं ती पहिल्या फेरीत बाहेर. भुकेल्याला पंगतीत बसायला नीटनेटके कपडे मागितल्यासारखं झालं हे.

सातबारा
उपमा झकास. छत तेवढं राहिलं.

मागच्या बाकावरचा
वर्गणी काढून देवळाचा सभामंडप होतो तेव्हा "शासनाची जबाबदारी" कुणाला आठवत नाही!

ओसरीवाला
देऊळ जिल्हा परिषदेचं नाही. शाळा आहे.

तालुका वार्ताहर
जिल्हा परिषद म्हणताय, पण त्यातली परिषद कुठे होती? मार्च 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुका आरक्षणाच्या कोर्टकज्ज्यात अडकल्या. त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक. शिक्षण समितीची सभा नाही, सभापती नाही, "आमच्या गटातली शाळा गळतेय" असं ओरडणारा सदस्य नाही. आम्ही वार्ताहर पूर्वी सर्वसाधारण सभेला जायचो, तिथे शाळाखोल्यांवर हमखास खडाजंगी व्हायची. आमच्या तालुक्यातल्या एका सदस्यानं पडलेल्या छताचा तुकडा पिशवीत घालून आणून अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला होता. महिन्याभरात ती खोली मंजूर झाली. प्रशासकाच्या टेबलापर्यंत अशी पिशवी जात नाही, बाहेरचा शिपाईच विचारतो, काम काय आहे.

म्हणून ओसरीवाल्यांना विचारतो: तुमच्या समितीनं कलम 22 खालचा शाळा विकास आराखडा केलाय का? कायद्याप्रमाणे अनुदानाचं नियोजन त्यावरून व्हायला हवं. तोच हातात नसेल तर मागायला कुठल्या तोंडानं जाणार?

ओसरीवाला
खरं सांगू? आराखडा आहे. कपाटातून काढून वाचला. आधीच्या समितीचाच आहे, वरची तारीख तेवढी बदललीय. त्यात पट 146 आहे आणि "इमारत सुस्थितीत" असा शेरा. खाली माझी सही आहे.

निवृत्त खडू
बसा. हे बहुतेक ठिकाणी असंच असतं, आमच्या वेळीही होतं. आता नवा करा, आणि खोलीनिहाय करा. प्रत्येक खोलीचं माप, छताचा प्रकार, शेवटची दुरुस्ती कधी, आत्ताचा फोटो. ठराव करून सोबत जोडा. महिन्यात हालचाल नाही दिसली तर माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचं तिकीट लावून विचारा: प्रस्ताव कुठल्या टेबलावर आहे. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि तो अर्ज आला की फाइल शोधावी लागते. शोधली की सापडते.

पारावरचा गप्पिष्ट
सर, सगळं मान्य. पण पाहणी, ठराव, अर्ज, 30 दिवस, मग अपील. तोवर चौथीचा वर्ग भरवायचा कुठे, ते कुणी सांगत नाही.

ओसरीवाला
समाजमंदिरात. सरपंचांशी बोललो, हो म्हणाले. फक्त लग्नाच्या तिथी असतील त्या दिवशी शाळेला सुट्टी द्या म्हणाले. पुढच्या दोन महिन्यांत अशा अकरा तिथी आहेत.

चुलीजवळून
समाजमंदिरात संडास आहे का? तेवढं बघा आधी.

पुणेकर गावकरी
सकाळपासून वाचतोय. ओसरी, मी तुझ्याच गावचा, ओळखलं असशील. त्याच शाळेत सातवीपर्यंत होतो, त्या कौलारू खोलीत. मी 10 हजार देणार आहे आणि त्याला कुणी सरकारचं लाड पुरवणं म्हणत असेल तर म्हणो. आम्ही गावाबाहेर राहतो, तिथे आम्हाला कुणी निवेदन लिहायला बोलवत नाही, पैसे मागायलाच बोलवतात. तेवढंच एक नातं उरलंय. तेही तू कलम दाखवून तोडू नकोस.

यादी माझ्याकडे आहे. 63 घरांचे आकडे आलेत. तुझ्या नावापुढे मोकळं आहे. काय लिहू?

ओसरीवाला
अभियंत्याचा कागद येईपर्यंत स्लॅबला एक रुपया देणार नाही, आणि तुम्हीही देऊ नका. टाकीसाठी 1,000 लिही. मुलींच्या बाजूची टाकी, असं नावापुढे लिही.

पुणेकर गावकरी
असं वेगळं लिहायला जागा नाही. पावतीपुस्तकं छापून आलीत. सगळ्यांवर एकच लिहिलंय: शाळा सुशोभीकरण निधी.

चुलीजवळून
बघा!