नवऱ्याचं नैराश्य, गोळ्या आणि आमच्यातला दुरावा: अनुभव हवे आहेत

नमस्कार. आम्ही चिंचवडला राहतो, सासू-सासरे सोबतच असतात. गेल्या पावसाळ्यात नवऱ्याला नैराश्याचं निदान झालं. ऑफिसला निघायचं म्हणून एक मोजा चढवायचा आणि दुसरा हातात धरून पलंगाच्या कडेला तसाच बसून राहायचा. घरात सगळ्यांना तो आळस वाटायचा. डॉक्टरांनी थायरॉईड, बी-१२ तपासून घेतलं आणि सर्ट्रालीन हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं. सुरुवातीचे काही आठवडे फरक दिसणार नाही हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून धीर धरला. मग हळूहळू झोप लागू लागली, लेकीशी खेळायला लागला.

आता सासूबाईंचं रोज सुरू आहे, "बरं वाटतंय ना? मग बंद कर, सवय लागेल." डॉक्टरांचं म्हणणं, बरं वाटायला लागल्यावरही निदान ६ ते ९ महिने घ्यायच्या आणि थांबवतानाही त्यांना विचारून, कमी करत करत. एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड होते, आजारही उलटू शकतो. पण माझं कोण ऐकणार? "लग्नाआधी तो असा नव्हता" हे वर ऐकून घ्यायचं.

खरी अडचण सांगायला अवघड आहे. आमच्यात जवळीक जवळपास उरलेली नाही. आजारानेही इच्छा कमी होते आणि ह्या गोळ्यांनीही. डोस किंवा औषध बदलून बऱ्याच जणांना फरक पडतो, पण त्यासाठी डॉक्टरांना कळायला तर हवं! तो तिथे तोंड उघडत नाही. घरी विषय काढला की "मी तुला सुखात ठेवू शकत नाही" म्हणतो आणि मग दिवसभर गप्प. ह्याच कारणापायी तो गुपचूप गोळ्या सोडेल अशी मला धास्ती आहे.

टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर मी बोलले. मरणाचे विचार येतात का हे थेट विचारावं, विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, असं तिथल्या बाईंनी समजावलं. तेव्हापासून विचारते. सध्या नाही म्हणतो.

ज्यांनी हे काढलंय त्यांनी सांगा: जवळिकीचा विषय डॉक्टरांपुढे कसा काढलात? त्याला न दुखावता मीच बोलू का? आणि सासू-सासऱ्यांना डॉक्टरांकडे नेल्याचा कुणाला उपयोग झाला का? वेगळी हो, माहेरी जा, असे सल्ले कृपया नकोत. मला त्याच्यासोबतच राहायचंय.