प्रतिसाद: गुण देण्याआधी पेल्यातले तापमान पाहावे

लाल वाइनला गुण देताना ती घरातल्या तापमानालाच चाखावी, नाहीतर गुण कमी भरतात, हा इथे मांडला गेलेला मुद्दा युरोपातील थंड हवेत रुजलेला आहे. कोकणात तो मला मुळीच पटत नाही. लाल वाइनसाठी साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानतात, आणि वेंगुर्ल्याला मे महिन्यात ओटीवर ठेवलेली बाटली सहज ३० अंशांच्या पुढे जाते. अशा वेळी अल्कोहोल आधी नाकाला झोंबते आणि फळांचा गंध त्याखाली दबतो. अमेरिकन वाइन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांच्या १०० गुणांच्या पद्धतीत प्रत्येक वाइनला मुळातच मिळणारे ५० गुण सोडले, तर उरलेल्या ५० पैकी १५ गंधाचे असतात, म्हणजे वाइनचा काही दोष नसताना हे नुकसान लहान नव्हे.

नाशिकची एक शिराझ (एक प्रकारची लाल वाइन) मी अशीच उघडली होती. निम्मी वाइन छोट्या बाटलीत भरून, बूच घट्ट लावून बर्फाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवल्यावर तिच्यातला काळ्या मिरीचा वास स्वच्छ जाणवू लागला. थंड न केलेल्या, बाहेरच राहिलेल्या पेल्यातल्या वाइनमध्ये तो जवळजवळ नव्हताच. तेव्हापासून मी गुणांशेजारी तापमानही लिहितो, आणि घरात बांगडे तळले जात असतील तर गंधाचा रकाना त्या दिवशी कोराच ठेवतो.